मोटार टाकण्याआधी

पोरा, गिरणा नदीत मोटार टाकायची म्हणतोस. टाक, पण त्याआधी म्हाताऱ्याच्या चार गोष्टी ऐकून घे.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या नदीकाठाला आधी पूररेषा पाहावी लागते. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. आपल्या शिवाराची पूररेषा आखली आहे का, ते पाटबंधारे खात्यात विचार. निळ्या रेषेच्या आत शेती कर, केळी लाव, पण गोठा, मजुरांची खोली असलं पक्कं काही बांधू नकोस. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना रातोरात पूर आला, तेव्हा दावणीची जनावरं दावणीलाच गेली. गोठा पाच मिनिटं लांब असला तरी चालेल, उंचावर असू दे.

आता पाण्याचं. नदी आपल्या बांधाला लागून वाहते म्हणून पाणी आपलं होत नाही. उपसा करायचा तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, आणि हंगाम सुरू होण्याआधी नमुना नंबर 7 वर पाणीअर्ज भरावा लागतो. अर्जासोबत सातबारा जोड, मागची पाणीपट्टी थकलेली असेल तर आधी भरून टाक. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नकोस. तारीख-शिक्क्याची पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका दुष्काळी साली धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं आणि मी रात्री बिनपरवाना मोटार टाकली. दुसऱ्या दिवशी मोटार जप्त झाली, वीज तोडली, दीड एकर केळी उभी वाळली. केळीचं दुःख झालंच. पण खालच्या गावाच्या बाया हंडे घेऊन कोरड्या पात्रात झिरे उकरत होत्या, ते पाहिल्यावर मान वर करवेना. त्या पाण्यावर माझा हक्क नव्हता. पांझरेकाठची फड पद्धत आठव. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं, पाटकरी देईल त्या पाळीनं घ्यायचं. शेकडो वर्षं धुळे जिल्ह्यातल्या गावांनी ती शिस्त सरकारी कागदाशिवाय पाळली.

काठावर नवी विहीर खोदायची असेल तर आधी गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर कुठे आहे ते बघ. तिच्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही. गिरणाकाठच्या कितीतरी गावांच्या योजना नदीलगतच्या विहिरींवर आहेत, म्हणून ही चूक इथे सहज होते. वरच्या शेतापर्यंत पाइपलाइन न्यायची आणि मधला शेतकरी अडवतो, तर त्याच्याशी भांडत बसू नकोस. जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पाइप मात्र अर्धा मीटर तरी खोल गाड, त्याचा नांगर अडता कामा नये.

वाळूला हात लावू नकोस. नदीचं पात्र सरकारचं आहे, आपल्या काठाखालचं सुद्धा. विनापरवाना वाळू उचलली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, ट्रॅक्टर अडकतो तो वेगळाच. आणि वाळू गेली की नदी पाणी धरत नाही, आपल्याच विहिरी खाली जातात. जमिनीला कस हवा असेल तर धरणा-तलावाचा गाळ आण. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळाला स्वामित्वधन लागत नाही. पण त्यासाठीही आधी अर्ज कर, आणि गाळाच्या नावाखाली कोणी वाळू भरू लागला तर आपला ट्रॅक्टर तिथून काढून घे.

पुरात काठ खचला तर पंचनामा लगेच करून घे, पाणी उतरताच फोटो काढ, बांधाच्या खुणेसह. खचलेल्या जमिनीचा शेतसारा कमी करून मागता येतो, पण तुटलेला काठ वर्षभरानं कोणाला दाखवशील?

उद्या सोमवार आहे. सातबाऱ्याच्या दोन प्रती घे, पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात जाऊन ये. मोटार तोवर घरी राहू दे.