लग्नाची घाई कोठून येते?
(शब्बाथ शाळेचे शिक्षक व पालकसभा यांच्यासाठी पाठ)

बालविवाह म्हटला की आपल्याला आजी-पणजीच्या काळची गोष्ट आठवते. पाळण्यातली लग्ने गेली हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २३ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी व बीड जिल्ह्यांत तर हे प्रमाण चाळिसाच्याही पुढे होते.

कायदा नव्हता म्हणून असे झाले काय? नाही. बडोदे संस्थानाने १९०४ सालीच बालविवाहाला बंदी केली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय १४ ठरविले. १९७८ मध्ये ते १८ व मुलाचे २१ झाले. २००६ च्या कायद्याने लग्न ठरविणारे आईबाप व लग्न लावणारा, दोघांनाही शिक्षा सांगितली. तरी घाई आहेच. तेव्हा ती घरात कोठून शिरते, ते पाहू.

१. पैसा. मुलगी जितकी मोठी व शिकलेली, तितका मुलगा अधिक शिकलेला हवा आणि हुंडाही अधिक, असा हिशेब घरोघरी चालतो. थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकले तर एक खर्च वाचतो. २०२० च्या टाळेबंदीत पाच-पन्नास माणसांत लग्न होते म्हणून कित्येकांनी ते उरकून घेतले.

२. भीती. गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा दूर, एस.टी. वेळेवर नाही. रस्त्यात कोणी छेड काढली तर बोल मुलीलाच. मग बाप म्हणतो, "काही बरेवाईट होण्याआधी तिच्या घरी गेलेली बरी."

३. स्थलांतर. मराठवाड्यातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व बेळगावकडील कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाची उचल या जोडीला मिळते. लग्न झाले की मुलाचा कोयता पुरा होतो; आणि वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवावे, ही तिच्या आईबापांची चिंता मिटते.

४. नात्यातला शब्द. "मामाला शब्द दिला आहे", "आजीला डोळे मिटण्याआधी लग्न पाहायचे आहे." हे प्रेमाने बोलले जाते, म्हणूनच ते मोडणे सर्वांत कठीण.

या चारही कारणांत एक गोष्ट समान आहे. अडचण मोठ्यांची असते आणि ती सोडविण्यासाठी मुलीचे आयुष्य खर्ची पडते. शाळा सुटते, अंग भरण्याआधी बाळंतपण येते, आई अशक्त व मूलही कमी वजनाचे.

काही वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात प्रार्थना करण्यास मला बोलाविले होते. मुलगी माझ्याच वर्गातली. ती नववीत आहे हे मला ठाऊक होते. घरचे आनंदात होते, मी त्यांचा मान राखला. प्रार्थना केली, जेवलो, घरी आलो. लग्नानंतरच्या रविवारी हजेरीपटात तिच्या नावापुढे रेघ मारली. ती रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवशी मी बोललो असतो तर लोक रागावले असते, एवढेच.

म्हणून शिक्षकांनो, मुलगी लागोपाठ दोन रविवार आली नाही तर तिच्या घरी जा. बोलणे आईपासून सुरू करा. बहुधा तिचेही लग्न असेच झालेले असते. पाळकांनी लग्नाची सूचना वाचण्यापूर्वी जन्माचा दाखला मागावा. बाप्तिस्म्याची नोंदवहीही ताडून पाहावी. समजावून ऐकले नाही तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. महाराष्ट्रातील खेड्यांत ग्रामसेवकाकडे हे काम सोपविलेले आहे. लग्न होऊन गेले असले तरी सारे संपले असे नाही. ते रद्द करून मागण्याचा अर्ज मुलीला वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत करता येतो.

चर्चेसाठी प्रश्न
१. वरील चारांपैकी कोणते कारण आपल्या मंडळीत अधिक दिसते?
२. दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सोबतीची व्यवस्था आपण करू शकतो काय?
३. अल्पवयीन मुलीच्या साखरपुड्याचे बोलावणे आले, तर आपण काय उत्तर देणार?