मोबाईलवरची चोरी, कोवळे वय आणि शिक्षेचे माप

चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी या औद्योगिक पट्ट्यातील मशिदींत जुम्याच्या नमाजनंतर इमामाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. वारसा, तलाक, बँकेचे व्याज हे प्रश्न आहेतच. त्यांत आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे आणि तो दोन बाजूंनी येतो. एक गृहस्थ म्हणतात, "निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम फोनवरून लुटली गेली. पकडलेला मुलगा विशीतला, आठवड्यात जामिनावर बाहेर आला. हा कसला न्याय?" दुसरे गृहस्थ आवाज खाली आणून म्हणतात, "मौलाना, माझ्या मुलाने चोरी केली नाही. त्याने फक्त आपले खाते दुसऱ्याला वापरायला दिले होते. एवढ्यासाठी त्याचे आयुष्य उद्ध्वस्त व्हावे काय?" हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. एकच प्रश्न दोन घरांतून आला आहे आणि त्याचे उत्तरही दोन्ही घरांना एकच द्यावे लागेल.

प्रथम देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क आणि ६६-ड अन्वये, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणे किंवा संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे यासाठी, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. याच कायद्याच्या कलम ७७-ब नुसार तीन वर्षांच्या शिक्षेचे असे गुन्हे जामीनपात्र ठरतात. लोकांना जो सौम्यपणा दिसतो त्याचे मूळ येथे आहे. परंतु चित्र एवढेच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक करून मालमत्ता उकळण्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्ह्यांचा स्पष्ट उल्लेख असून तेथे किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'फक्त खाते दिले' असे म्हणणाऱ्या तरुणाने हे कलम एकदा वाचावे. टोळीला पैसा फिरवण्यासाठी खाते लागते; खाते नसेल तर चोरी पूर्णच होत नाही.

आपल्या परिसरात या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ला. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी रुपये बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून, सुमारे अडीच कोटी भारतातील एटीएममधून, तर १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवून काढण्यात आले. (पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय त्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट रोजी सुरू झाले. नव्या आयुक्तालयाच्या पुढे कोणत्या प्रकारचे गुन्हे येणार याची ती जणू वर्दीच होती.) भारतात जे पकडले गेले ते प्रामुख्याने बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले आणि त्यांना माणसे पुरवणारे लोक होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले आणि तीन ते चार वर्षांच्या शिक्षा दिल्या. त्यांतील काहींनी तेवढा काळ खटला चालू असतानाच तुरुंगात काढला होता.

याच काळात अमेरिकेत काय घडले ते शेजारी ठेवून पाहावे. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील न्यायालयाने कॅनडाच्या एका नागरिकाला सायबर चोरीचा पैसा फिरवल्याबद्दल ११ वर्षे ८ महिन्यांची कैद सुनावली. त्याच्या अनेक गुन्ह्यांमध्ये २०१८ साली भारतातील एका बँकेच्या एटीएम लुटीचा पैसा फिरवण्याचाही समावेश होता. परंतु मला त्या निकालातील वर्षांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. न्यायालयाने त्याला तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम पीडितांना परत देण्याचा आदेशही दिला. आपल्याकडे चर्चा नेहमी 'किती वर्षे' येथे सुरू होते आणि तेथेच संपते. ज्याचे पैसे गेले त्याला काय मिळाले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

आता शरीअतकडे वळू. सूरह अल-माइदाच्या ३८ व्या आयतीत चोरीची शिक्षा आली आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणून 'इस्लाममध्ये तर हातच तोडतात' असे वाक्य आपले आणि परके दोघेही सहज बोलून जातात. फिकहच्या ग्रंथांत मात्र त्या शिक्षेसाठी अटींची मोठी मालिका आहे. माल सुरक्षित जागी असावा, तो लपूनछपून काढलेला असावा, त्याची किंमत ठरावीक मर्यादेपेक्षा (हनफी मतानुसार दहा दिरहम) कमी नसावी, आणि कसलाही संशय उरू नये. सुनन तिर्मिजीतील एका हदीसनुसार विश्वासघात करणारा, उघड लुबाडणारा आणि हिसकावून पळणारा यांच्यावर ही हद्द लागू होत नाही. गोड बोलून ओटीपी काढून घेणारा विश्वासघातक्याच्या वर्गात मोडतो, असे मला वाटते. अशा गुन्ह्यांसाठी शरीअतमध्ये 'ताजीर' आहे. म्हणजे गुन्ह्याचे स्वरूप, गुन्हेगाराची स्थिती आणि समाजाचे हित पाहून न्यायाधीशाने ठरवलेली शिक्षा. आपल्या देशात तो अधिकार न्यायालयाचा आहे, कोणत्याही जमातीचा किंवा मोहल्ल्याचा नाही. ताजीर म्हणजे सौम्य शिक्षा, असाही अर्थ कोणी काढू नये. ती कडक असू शकते आणि सौम्यही. ती डोळे उघडे ठेवून दिलेली असावी, एवढीच अपेक्षा आहे.

एका गोष्टीत मात्र सवलत नाही. ती म्हणजे माणूस पाहून शिक्षेचे माप बदलणे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत मखजूम घराण्यातील स्त्रीची घटना आली आहे. ती प्रतिष्ठित कुळातील होती, तिने चोरी केली आणि कुळाची अब्रू वाचावी म्हणून लोकांनी उसामा (रजि.) यांना रदबदलीसाठी पुढे केले. प्रेषित (स.) संतप्त झाले. पूर्वीचे समाज याचमुळे नष्ट झाले की ते प्रतिष्ठिताला सोडत आणि दुर्बलाला धरत, असे त्यांनी सांगितले आणि आपली कन्या फातिमा (रजि.) यांच्या बाबतीतही निर्णय वेगळा झाला नसता, हे स्पष्ट केले. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या मोटार अपघातात दोन जीव गेल्यानंतर अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र का खवळला, याचे उत्तर या हदीसमध्ये सापडते. मुलगा अल्पवयीन आहे म्हणून लोक चिडले नव्हते. पैसेवाल्याच्या मुलासाठी माप वेगळे आहे, अशी त्यांची भावना झाली होती.

दुसरी घटना आपल्याला अधिक बोचणारी आहे. सूरह अन-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या पार्श्वभूमीविषयी भाष्यकार सांगतात की मदीनेत उबैरिक घराण्यातील एका माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका ज्यूवर ढकलला. घराण्याचे लोक आपल्या माणसाच्या बाजूने साक्ष द्यायला जमा झाले. तेव्हा अल्लाहने निर्दोष ज्यूची बाजू उघड केली आणि विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई केली. चोर आपला होता, आरोप झेललेला माणूस परका होता, आणि वह्य परक्याच्या बाजूने आली. 'आपल्या मुलांनाच मुद्दाम गोवतात' हे वाक्य कधी खरेही असते. तेव्हा वकील द्यावा, कायदेशीर लढा द्यावा, तो हक्कच आहे. पण पुरावा समोर असताना हेच वाक्य ढालीसारखे वापरले तर आपण त्या घराण्याच्या रांगेत उभे राहतो.

वयाचा विचार इस्लामने केला आहे. झोपलेला माणूस, वयात न आलेले मूल आणि वेडा या तिघांवरून लेखणी उचलली आहे, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. अज्ञान मुलावर हद्द नाही, गुनाहही नाही. परंतु फुकहांनी येथे एक बारकावा जपला आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते: मुलाने दुसऱ्याच्या मालाचे नुकसान केले तर भरपाई त्याच्या मालमत्तेतून द्यावी लागते. वय शिक्षा हलकी करते. दुसऱ्याचा हक्क हलका करीत नाही. आणि वीस-बावीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, बँकेत सही करणारा तरुण तर शरीअतच्या दृष्टीने पूर्ण जबाबदार आहे. त्याला 'पोरगा' म्हणणे ही आपली माया झाली.

मग गरिबीचे काय? मेदनकरवाडी किंवा खराबवाडीत एका खोलीत पाच-सहा जण राहतात, कंत्राटी काम आज आहे तर उद्या नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतील भंगाराची गोदामे पाडली गेली तेव्हा किती घरांची मिळकत एका आठवड्यात थांबली हे आपण पाहिले. अशा वेळी कोणी येतो आणि सांगतो, 'खाते, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला काही हजार घे.' माननीय उमर (रजि.) यांचा निवाडा येथे आठवतो. हातिब (रजि.) यांच्या घराण्यातील गुलामांनी एका माणसाची उंटीण चोरून कापली. उमर (रजि.) यांनी आधी हात कापण्याचा आदेश दिला आणि मग थांबून मालकाला विचारणा केली, तो त्यांना उपाशी ठेवतो असे त्यांना दिसले. त्यांनी गुलामांना सोडले आणि चारशे दिरहमच्या उंटिणीसाठी मालकाकडून आठशे दिरहम वसूल करून पीडिताला दिले. (ही घटना मुअत्तामध्ये आहे, दुप्पट किमतीवर आपल्याकडे अमल नाही, असे इमाम मालिक यांनी तेथेच नोंदवले आहे.) भूक हे कारण उमर (रजि.) यांनी मानले. तरीही उंटिणीचा मालक रिकाम्या हाताने परतला नाही, आणि भुकेला जबाबदार असलेला माणूसही सुटला नाही. आपल्या काळात टोळीचा सूत्रधार सुटतो, खाते देणारा अडकतो आणि लुटला गेलेला तसाच राहतो. शिक्षा सौम्य आहे की कठोर, या वादापेक्षा हे उलटे चित्र मला अधिक अस्वस्थ करते.

माझे मत असे आहे की पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या तरुणासाठी कैदेची वर्षे वाढवून फारसे साधणार नाही. तुरुंगात त्याला पट्टीचे गुन्हेगार भेटतात. २०१६ साली 'मिराय' नावाचा विषाणू तयार करणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांना २०१८ मध्ये कैद झाली नाही. प्रत्येकाला पाच वर्षे देखरेख, अडीच हजार तास समाजसेवा आणि १ लाख २७ हजार डॉलर भरपाई असा दंड झाला. त्यांनी तपास यंत्रणेला इतर गुन्हे उकलण्यात मदतही केली होती. असे काही आपल्याकडे शक्यच नाही, असे नाही. अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ चे कलम ६ एकवीस वर्षांखालील तरुणाला, जन्मठेपेचा गुन्हा नसल्यास, शक्यतो तुरुंगात न पाठवण्याचे सांगते. आणि त्याच कायद्याचे कलम ५ न्यायालयाला अशा सुटकेबरोबर पीडिताला भरपाई देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार देते. सुटका आणि परतफेड ही जोडी कायद्यात आहे. सुटका मागणारे पुष्कळ, भरपाईची तयारी दाखवणारे थोडे.

ज्या घरात ही वेळ आली आहे त्यांनी तौबाच्या अटी नीट समजून घ्याव्यात. गुनाह सोडणे, पश्चात्ताप करणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन अटी अल्लाहच्या हक्कासाठी आहेत. माणसाचा हक्क बुडवला असेल तर चौथी अट येते: तो हक्क परत करणे. मुस्लिम शरीफमध्ये दिवाळखोर माणसाची हदीस आहे. नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला माणूस कयामतच्या दिवशी लोकांचे हक्क देता देता रिता होतो. येथे काही जण एक पळवाट विचारतात: मालक माहीत नसेल तर ती रक्कम त्याच्या वतीने सदका करता येते ना? मसला बरोबर आहे, पण तो मालक खरोखर सापडत नसेल तेव्हाचा. बँकेच्या नोंदीत प्रत्येक रुपया कोठून आला हे लिहिलेले असते. १९३० या क्रमांकावर तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांकडे असते. अशा स्थितीत सदका चालणार नाही, आणि ती रक्कम मशिदीच्या पेटीत तर नकोच. तपास अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयात वकिलामार्फत रक्कम जमा करण्याची तयारी लेखी द्यावी. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करून पीडितांत वाटण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये आहे. ती वेळ येण्याआधीच पुढे होणे अधिक चांगले.

एक प्रश्न वडील हमखास विचारतात: मुलाच्या कर्जासाठी गावची जमीन विकणे माझ्यावर बंधनकारक आहे काय? सज्ञान मुलाची भरपाई बापावर वाजिब नाही. ती मुलाची आहे. त्याने पगारातून हप्त्याने का होईना ती फेडावी आणि तोवर नवी मोटारसायकल, थाटाचे लग्न, उमरा हे सारे मागे ठेवावे. बापाने स्वखुशीने मदत केली तर तो एहसान आहे, त्याचे पुण्य त्याला मिळेल. मात्र त्या पैशातून घरात आलेला टीव्ही, फोन किंवा दागिना ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे तो पीडिताची अमानत म्हणून आहे, आणि हे कळल्यानंतर तो वापरत राहण्याची परवानगी घरातल्या कोणालाही नाही.