टिटवी ओरडली की आधी कुत्र्याला हाक मार

पोरी, धुळ्याचा फ्लॅट सोडून तुम्ही जळगावबाहेरच्या प्लॉटवर राहायला गेलात आणि घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंत, फार बरं केलंत. पण अंगणात तुमच्या आधीपासून राहणारे आहेत: होले, साळुंक्या, बुलबुल, सातभाई आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरची टिटवी. पिल्लाची आणि त्यांची गाठ रोज पडणार, म्हणून हे सांगून ठेवतो.

पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून पिल्लू साळुंकीसमोर थबकलं की समज, ते तिला खेळायला बोलावतंय. साळुंकीला ते कळत नाही, तिला अंगावर येणारं जनावर दिसतं. त्याला मारू नकोस. चेंडू दुसरीकडे फेक, लगेच वळेल.

टिटवीचं मात्र नीट ऐक. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ती उघड्या जमिनीवर, खडीत अंडी घालते. बहुतेक वेळा चार. मातकट रंगाची, ठिपक्यांची, अगदी पायाशी आली तरी दिसत नाहीत. कुत्रा जवळ गेला की जोडी ओरडत डोक्यावर झेपा घेते, कधी पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेते. बघणाऱ्याला गंमत वाटते. पण जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. कुत्र्याने अंड्याला तोंडही लावलं नाही, नुसतं भर दुपारी तिला घरट्याकडे फिरकू दिलं नाही, तरी आतला जीव जाऊ शकतो. उबवणीला साधारण चार आठवडे लागतात. तेवढे दिवस त्या बाजूला पट्ट्याशिवाय सोडायचं नाही.

तसंही उन्हाळ्यात दुपारी कुत्र्याला बाहेर काढूच नकोस. हाताची उलटी बाजू फरशीवर टेकव आणि मनात दहापर्यंत मोज. तुला चटका बसला तर त्याचे तळवेही भाजणार. उजाडता उजाडता आणि दिवे लागल्यावर फिरव. पाखरांचं पाण्याचं परळ गच्चीच्या कठड्यावर ठेव, कुत्र्याचं भांडं ओट्याखाली. दोन्ही रोज घासायची.

सातभाईंचा कलकलाट मनावर घे. सगळे एकाच झुडपाभोवती जमून ओरडत असतील आणि पिल्लाचं नाक त्याच झुडपात असेल, तर आधी त्याला मागे बोलाव. आत मांजर किंवा मुंगूस असेल, सापही असू शकतो. कावळे त्याच्या डोक्यावर टोचा मारू लागले तर वर कडुनिंबात घरटं आहे किंवा त्यांचं पिल्लू खाली पडलंय. तिथे वाट बदलायची, कावळ्यांना दगड मारायचे नाहीत.

बुलबुलाचं पिल्लू नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं. ते अनाथ नसतं, आईबाप जवळपासच असतात. हाताने उचलून फांदीवर ठेव. माणसाचा हात लागला म्हणून ते त्याला टाकत नाहीत. दोन-तीन दिवस कुत्र्याला तेवढ्या कोपऱ्यापासून लांब ठेवलं की झालं.

माझ्या मते कुत्र्याला पहिला शब्द शिकवायचा तो ‘बस’ नव्हे, ‘सोड’. तोंडातला चेंडू सोडला की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा, असं रोज थोडं थोडं. पाखरू तोंडात आलं तर धावून जाऊ नकोस. तू धावलीस की कुत्रा पळणार आणि दात आणखी रुततील. जागीच उभी राहा, शांत आवाजात ‘सोड’ म्हण आणि तुकडा पुढे कर.

सुटलेलं पाखरू ठीक दिसलं तरी दाताची जखम पिसांखाली लपते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. चोचीत पाणी ओतू नकोस, आणि वनखात्याला फोन लाव. हेल्पलाइनचा नंबर 1926. आजच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेव.