विद्युद्दाबाची रोजकीर्द

आमच्या वखारीतील धान्य चाळण्याच्या यंत्राची मोटार एका हंगामात दोनदा जळाली. दाब उतरतो, हे तोंडी सांगून कोणी मानीना. म्हणून यूटी-६१ई हे हातातील मल्टिमीटर संगणकास जोडले. आकडे अवरक्त प्रकाशाने तारेत उतरतात. मीटर व संगणक यांत धातूचा संबंध नसल्याने २३० व्होल्टांचा धोका संगणकास पोहोचत नाही. सीरियल तारेस वेग १९२००, बिट ७ व पॅरिटी विषम ठेवावी. सिगरॉक ही विनामूल्य आज्ञावली सेकंदास सुमारे दोन आकडे टिपते; प्रारंभाची वेळ आपण लिहून ठेवावी. पहिल्या दिवशी संगणकच निद्रिस्त झाला आणि कीर्द अर्धी राहिली! ती निद्रा आधी बंद करावी. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातनंतर दाब १८० पर्यंत उतरलेला सापडला. तो कागद दाखविल्यावर मात्र आमचे म्हणणे ऐकून घेतले गेले.