सांध्याला मार लागला: वांद्र्यात कशाला किती, आणि आधी काय?

कार्टर रोडवर धावताना गुडघा वळतो, मैदानात चेंडू फेकताना खांदा दुखावतो, पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर घोटा मुरगळतो. घरी पोचेपर्यंत कुणीतरी सांगतंच, ‘एमआरआय काढून घे, म्हणजे काय ते कळेल.’ हा सल्ला सहा-आठ हजारांना पडतो आणि बऱ्याचदा त्या टप्प्यावर त्याची गरजच नसते. म्हणून खर्चाचा क्रम आधी ठरवा. पहिले पैसे हाताने तपासणाऱ्या डॉक्टरसाठी, गरज पडली तरच यंत्रासाठी, आणि फिजिओथेरपीसाठी मात्र राखून ठेवलेलेच हवेत. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. ते केंद्रागणिक बदलतात.

आधी तपासणी

खासगी अस्थिरोगतज्ज्ञाची फी वांद्र्यात साधारण ८०० ते २,००० रुपये. पश्चिमेला महापालिकेचं भाभा रुग्णालय आहे (कुर्ल्यातलं भाभा वेगळं). तिथे केसपेपर नाममात्र दरात निघतो. मोठ्या तपासणीसाठी शीव आणि केईएम ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे रांग लांब असते, पण दर खासगीच्या तुलनेत फारच कमी.

गुडघ्याचा मुख्य लिगामेंट तुटला आहे का, हे अनुभवी डॉक्टरला नडगी पुढे ओढून बऱ्याच अंशी कळतं. घोट्यासाठी तर जगभर वापरले जाणारे ओटावा नियम आहेत. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूच्या कमानीच्या हाडावर दाबल्यावर दुखत नसेल, आणि मार लागल्यावर व तपासतानाही चार पावलं टाकता येत असतील, तर प्रौढ माणसाला सहसा एक्स-रेचीही गरज नसते.

मात्र सांधा वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा थंड पडलीत, ‘कट्’ आवाज येऊन तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, गुडघा अडकून सरळच होत नाही, किंवा तापासोबत सांधा गरम लागतोय, यांपैकी काही असेल तर थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोणत्या तपासणीला किती

• एक्स-रे: ३०० ते ८०० रुपये. हाड मोडलं आहे का, सांधा निखळला आहे का, हे पाहायला. स्नायू आणि लिगामेंट यात दिसत नाहीत.
• स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी: १,२०० ते २,५०० रुपये. खांद्याचे स्नायुबंध, टाचेमागची शीर, पोटरीचा फाटलेला स्नायू यांसाठी उत्तम. किरणोत्सर्ग नाही. मात्र निकाल पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असतो, म्हणून ‘सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करता का?’ हे विचारूनच वेळ घ्या.
• सीटी स्कॅन: ३,००० ते ६,००० रुपये. सांध्यात शिरलेल्या किचकट फ्रॅक्चरसाठी. किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा बराच जास्त.
• एमआरआय: एका सांध्याला ५,००० ते १२,००० रुपये. लिगामेंट, गुडघ्यातली गादी आणि कूर्चा यांसाठी. बहुतेक दुखापतींना १.५ टेस्लाचं यंत्र पुरतं आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही. कुणी सुचवलं तर कारण विचारा, कारण त्याचे पैसे वेगळे पडतात.

एमआरआयचं यंत्र म्हणजे शक्तिशाली चुंबक, म्हणून पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली कोणतीही धातूची वस्तू असेल तर आधीच सांगा. २०१८ साली नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा जीव गेला होता. सोबतच्या नातेवाइकांनीही त्या खोलीत धातूचं काही नेऊ नये.

रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरू नका

‘मेनिस्कल टिअर’ (गुडघ्यातली गादी फाटणं) वाचलं की लोक थेट ऑपरेशनचा विचार करू लागतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशी ओलांडलेल्यांची गुडघ्यांची एमआरआय पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलाही नव्हता. वयाच्या खुणाही रिपोर्टात उमटतात. तुमचं दुखणं आणि चित्र जुळतंय का, हे तपासणारा डॉक्टरच ठरवू शकतो.

उपचाराला किती

फिजिओथेरपीचं एक सीटिंग ५०० ते १,२०० रुपये. घरी बोलावलं तर जास्त. किरकोळ मुरगळीला चार-सहा सीटिंग पुरतात, पण व्यायाम घरी रोज करायला हवेत. नुसतं मशीन लावून सोडणाऱ्या केंद्रात पैसे घालू नका. व्यायाम शिकवणारा आणि दर आठवड्याला तो वाढवणारा फिजिओ शोधा. महालक्ष्मीला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथेही चौकशी करा.

गुडघ्याच्या लिगामेंटचं दुर्बिणीचं ऑपरेशन खासगीत दीड ते चार लाखांपर्यंत जातं, आणि नंतर खेळात परतायला किमान नऊ महिने धरा. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत ज्यांनी आधी व्यायामोपचार घेतले, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही. उच्च पातळीवर खेळणाऱ्याचा किंवा गुडघा वारंवार निसटणाऱ्याचा निर्णय वेगळा असू शकतो, तो डॉक्टरशी बोलूनच घ्यावा.

टेनिस एल्बो ऐकलं की वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला सचिन तेंडुलकर आठवतो. २००५ साली लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पण आपल्यासारख्या बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरं होतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. वर्षभराने मात्र इंजेक्शन घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांपेक्षा मागे राहतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

पैसे वाचवण्याचे हक्काचे मार्ग

१. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. निर्धनांवर मोफत, दुर्बलांवर सवलतीत उपचार होतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा.
२. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारा.
३. नुसत्या एमआरआयचे पैसे विमा सहसा देत नाही. मात्र नंतर दाखल व्हावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांचा खर्च धरतात. चिठ्ठी आणि बिलं जपून ठेवा.
४. डॉक्टर एकाच केंद्राचा आग्रह धरत असतील, तरी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा भंग आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं मिळाली पाहिजेत, असंही तीच सांगते.

वेळ घेताना फोनवर तीन गोष्टी विचारा: फिल्म आणि सीडीसह एकूण किती, रिपोर्ट कधी, आणि सांध्यांचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का. तीन केंद्रांना फोन केलात तर दरांतला फरक लगेच कळेल. वाचलेले पैसे पुढच्या सहा आठवड्यांच्या व्यायामाला लावा. सांधा पुन्हा कामाला लागतो तो त्या व्यायामामुळेच.