फ्लटरचा आरंभीचा सांगाडा
प्रश्न : फ्लटरमध्ये नवा प्रकल्प निर्माण केला, इतक्या फायलींत आरंभ कोठून करावा?

उत्तर : 'फ्लटर क्रिएट' ही आज्ञा अँड्रॉइड, आयओएस, विंडोज इत्यादींची स्वतंत्र दप्तरे मांडून देते, हे खरे; तथापि आपला प्रथम व्यवहार 'लिब' या दप्तरातील 'मेन.डार्ट' या एकाच फाइलीशी आहे, जिच्यात बटण दाबताच आकडा एकाने वाढविणारा नमुना सिद्ध असतो, आणि तेथील 'सेटस्टेट' अवस्था पालटल्याची वर्दी देऊन पडदा पुन्हा कसा रेखाटविते, हे ज्याने नीट न्याहाळले, त्याला पुढील मार्ग निश्चित सुगम होतो. ताकीद एकच : 'फ्लटर क्रिएट' या आज्ञेला 'ऑर्ग' हा पर्याय न दिल्यास अ‍ॅपच्या ओळखीत 'कॉम.एक्झाम्पल' येते, जे गूगल प्ले नामंजूर करते, आणि एकदा प्रसिद्ध झालेली ओळख बदलता येत नाही. सबब ती आरंभीच ठरवावी.