मोती गेल्यापासून शेरू जेवत नाही

प्रश्न : आमचा म्हातारा मोती महिन्यापूर्वी गेला. तेव्हापासून शेरू हळदीच्या पोत्यांजवळ, मोतीच्या जागी बसून असतो. भाकरी हुंगतो आणि तशीच सोडतो. दुसरं पिल्लू आणावं का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : शेरूला मोतीची उणीव भासते आहे, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. इटलीतल्या 426 श्वानपालकांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला दुसरा कुत्रा गेल्यावर 86 टक्के पालकांना मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल जाणवला : माणसांना चिकटणं, कमी खेळणं, जास्त झोपणं, कमी खाणं. अनेक घरांत हा बदल दोन महिन्यांहून जास्त टिकला.

मात्र सगळं दुःखावर ढकलू नका. आपल्याकडे गोचीड तापातही कुत्रा असाच मलूल होतो, अन्न सोडतो. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, हिरड्या पांढुरक्या दिसतात का, ते पाहा. गोचीड किंवा ताप असेल, किंवा दिवसभर त्याने काहीच खाल्लं नाही, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गरज पडल्यास परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

एरवी जेवणाची आणि फिरण्याची वेळ चुकवू नका. मोतीच्या जागेवरून त्याला हुसकावू नका. शेजारी बसा, अंगावरून हात फिरवा. पिल्लाची घाई नको. शेरू पुन्हा नीट जेवू-खेळू लागला आणि तुमचंही मन तयार झालं, की मगच आणा. सध्या त्याला तुमचाच आधार आहे, तो कमी पडू देऊ नका.